ग्रिप हातात चपखल बसते, तरी बाण आडवे का फाकतात?

तिरंदाजांची तक्रार नेहमी एकाच वळणाने येते. रायझरसोबत (धनुष्याच्या मधल्या दांड्यासोबत) आलेली ग्रिप हाताला बसत नव्हती, म्हणून एम-सील (दोन भाग मळून वापरायची इपॉक्सी पुट्टी) आणलं, मळलं, ग्रिपवर थापलं आणि मुठीत घट्ट दाबून ठसा घेतला. वाळल्यावर घासलं. हात असा बसला की जणू तिथेच घडवलाय. दोन-चार दिवस ग्रुप सुरेख आला, म्हणजे बाण जवळजवळ लागले, मग बाण पुन्हा आडवे फाकायला लागले. वर-खाली सगळं ठीक, पण एक बाण डाव्या लाल रंगात, दुसरा उजव्या. मग आणखी थोडं एम-सील, आणखी थोडं घासणं. दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच.

पुट्टीला दोष देऊ नका, तुमच्या हातालाही नको. दुखणं ठसा घेण्याच्या पद्धतीत आहे. मूठ आवळलेला हात आणि ४० पाउंडांचा दाब झेलणारा हात, हे एकाच माणसाचे असले तरी आकाराने वेगळे असतात. दाबाखाली अंगठ्याखालचा मांसल उंचवटा चपटा होऊन पसरतो, मनगट किंचित मागे जातं, बोटं सैल असली की तळहाताची खळगी उघडते. बसून मापलेली चप्पल चालायला लागल्यावर चावते, तसाच हा प्रकार. मुठीच्या ठशात बसायला तळहात प्रत्येक वेळी थोडा सरकतो, आणि दर वेळी वेगळा सरकतो.

हे सरकणं किती महाग पडतं ते आकड्यात पाहा. बाण सुटताना दिशेत एक दशांश अंशाची चूक झाली, तर ७० मीटरवर तो १२.२ सेंटिमीटर बाजूला जातो. १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे एरवी बरोबर मधोमध लागला असता तो बाण पिवळ्या रंगाच्या काठावर जातो. ग्रिपवर हात दोन मिलिमीटर इकडे की तिकडे, हा प्रश्न म्हणूनच बारीकसारीक नाही.

आधी ग्रिपबाहेरची कारणं

कानस हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या.

पहिली गोष्ट, ग्रिप रायझरवर हलते का. स्क्रू घट्ट असतानाही अनेक ग्रिपांना किंचित खेळ असतो. अंगठ्याने एका बाजूने दाबा, मग दुसऱ्या बाजूने. बारीकशी ‘टक्’ जाणवली तर आकारावर कितीही मेहनत घ्या, ती वाया जाईल. रायझरच्या बाजूला व्हॅसलीनचा पातळ थर द्या, ग्रिपच्या आतल्या बाजूला एम-सीलच्या दोन-तीन छोट्या गोळ्या ठेवा, स्क्रू हलकेच आवळा आणि वाळू द्या. पुट्टी व्हॅसलीनला चिकटत नाही, त्यामुळे ग्रिप नंतर निघते आणि पुन्हा बसवली की जागच्या जागी बसते. घाई असेल तर इन्सुलेशन टेपचे एक-दोन थरही चालतात, पण उन्हात त्याचा गोंद वितळून सरकतो.

दुसरी गोष्ट, स्लिंग, म्हणजे धनुष्य हातातून पडू नये म्हणून हाताला बांधायची नाडी. स्लिंग नसेल किंवा इतकी सैल असेल की धनुष्य पडेल अशी धास्ती वाटते, तर बाण सुटायच्या क्षणी बोटं आवळली जाणारच. धनुष्याला धक्का लागायला तेवढं पुरतं. जगातली कुठलीही ग्रिप अशा हाताला सुधारू शकत नाही. फिंगर स्लिंगसाठी बुटाची नाडी पुरते, तेव्हा तिची सबब नको.

तिसरी, रिलीज, म्हणजे दोरी सोडणं. मागून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये काढा. दोरीचा हात चेहऱ्यापासून बाहेर उडत असेल तर आडवं फाकणं तिथून येतंय. हात गळ्याला घासत सरळ मागे जातोय आणि पुढे स्टॅबिलायझरचं (तोल साधणाऱ्या दांड्याचं) टोक मात्र बाजूला झटकतंय, तर मग आपली गाठ ग्रिपशी आहे.

त्या झटक्यातही एक खूण आहे. टोक दर वेळी एकाच बाजूला जात असेल, तर ग्रिपचा आकार हाताला तिकडे ढकलतोय. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल, तर हात ग्रिपवर रोज नवी जागा शोधतोय किंवा बोटं मधेच आवळली जातायत. पहिला प्रकार तसा सोसण्यासारखा असतो, कारण एकाच बाजूला जाणारे बाण साईट (नेम धरायचं साधन) हलवून आवरता येतात. दुसऱ्याला साईटचं औषध नाही.

हात टेकायचा कुठे

उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचं धनुष्य डाव्या हातात असतं. मी त्याच हिशेबाने लिहितो आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या धराव्यात.

अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं ग्रिपच्या सगळ्यात खोल भागात टेकतं. तिथून खाली दाब अंगठ्याच्या उंचवट्यावर येतो आणि आयुष्यरेषेपाशी थांबतो. रेषेच्या पलीकडचा, करंगळीकडचा तळहात ग्रिपला लागायला नको. बोटांची मुळं उभ्या रेषेशी साधारण ४५ अंशांत तिरकी राहतात, करंगळी आणि अनामिका बाजूला सैल.

रेषेपलीकडचा भाग टेकला की तो ग्रिपची डावी कड पुढे ढकलतो. धनुष्य उजवीकडे पिळलं जातं आणि बाण सुटल्याबरोबर लाँग रॉडचं, म्हणजे स्टॅबिलायझरच्या लांब दांड्याचं टोक उजवीकडे उडी मारतं. मुठीत दाबून बनवलेल्या ग्रिपमध्ये नेमका हाच भाग भरलेला असतो, कारण मूठ आवळताना करंगळीकडची गादी पुट्टीला सगळ्यात जोरात दाबते आणि तिथे एक सुंदर, गोलाई असलेला फुगवटा तयार होतो. हाताला तो फार गोड वाटतो. खोट तिथेच आहे.

बोटांच्या खाचांचंही तेच. पुट्टीत उमटलेल्या खाचा बोटांना आत ओढतात आणि बोटं खाचेत गेली की पकडायचीच. नेमबाजीच्या पिस्तुलाला तशा ग्रिपा असतात, आणि त्या पाहून धनुष्यालाही करायचा मोह होतो. पण पिस्तूल धरायचं असतं. धनुष्य धरायचं नसतं, ढकलायचं असतं. रिकर्व्हच्या (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याच्या) ग्रिपला बोटांच्या खाचा असूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळून रिकर्व्हवर आलेल्या मुलांकडे जरा जास्त लक्ष द्या. दोरा किंवा कापड गुंडाळलेला गोलसर दांडा मुठीत धरायची सवय त्यांच्या हाताला असते. अशा मुलाला हाताचा ठसा घेऊन ग्रिप बनवून दिली, तर आपण त्या जुन्या सवयीवरच शिक्कामोर्तब करतो. आधी महिनाभर मूळ ग्रिपवर स्लिंग लावून उघड्या हाताने मारू द्या, ग्रिप नंतर.

खडूची परीक्षा

शिंप्याचा निळा खडू घ्या, नाहीतर फळ्यावरचा रंगीत खडू. ग्रिपच्या पूर्ण मागच्या बाजूवर चोळा. हात कोरडा करा. बट्रेसपासून (टार्गेट लावायच्या ठोकळ्यापासून) चार-पाच मीटरवर उभे राहा, बाण लावा, फुल ड्रॉवर या, म्हणजे दोरी पूर्ण ओढा, तीन-चार सेकंद थांबा आणि बाण मारा. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. अशा ड्राय फायरने लिंब (धनुष्याची लवचिक पाती) तडकतात आणि दुखापतही होते.

आता तळहात बघा. निळा डाग बेचक्यापासून सुरू होऊन अंगठ्याच्या उंचवट्यावरून मनगटाकडे लांबट उतरलेला आणि आयुष्यरेषेच्या अलीकडेच थांबलेला असेल, तर ग्रिपमध्ये फारसा बिघाड नाही. रेषा ओलांडून करंगळीच्या गादीवर निळं दिसलं, किंवा बोटांच्या पहिल्या पेरांवर पट्टे उठले, तर काय काढायचं ते हातानेच सांगितलं. हाच प्रयोग हात पूर्ण काढून, पुसून, पुन्हा ठेवून चार-पाचदा करा आणि दर वेळी तळहाताचा फोटो ठेवा. डागांच्या जागा एकमेकांशी जुळत नसतील, तर ग्रिपवर हाताला खूण सांगणारी एकही कड नाही असं समजा.

डोळे मिटूनही एकदा बघा. जवळच्या बट्रेससमोर बाण लावलेलं धनुष्य खाली धरा, डोळे मिटून ग्रिपवर हात ठेवा, सोयीचा वाटेल तसा. डोळे उघडून बघा: दोरी लिंबांच्या मधोमध दिसते की रायझर तिरका वळलाय? चांगली ग्रिप डोळ्यांच्या मदतीशिवाय हाताला जागेवर आणते.

आधी काढा, मग भरा

दुरुस्ती करताना बहुतेक जण पुट्टी वाढवतात. उलटं करा. बिघडलेल्या ग्रिपांपैकी बऱ्याचशा नुसत्या काढण्याने सुधारतात.

मूळ ग्रिप कधीच कापू नका. जास्तीची प्लॅस्टिकची ग्रिप मिळवा, आणि नाहीच मिळाली तर निदान चारही बाजूंनी फोटो आणि पुठ्ठ्यावर काढलेली बाह्यरेषा हाताशी ठेवा. मग स्केच पेनने ग्रिपवर दोन रेघा मारा. एक बेचक्याच्या तळापासून सरळ खाली, ग्रिपच्या मध्यावरून. दुसरी, खडूच्या परीक्षेत आयुष्यरेषा जिथे टेकली तिथून. या दुसऱ्या रेघेच्या डावीकडचं, म्हणजे बोटांच्या बाजूचं जे काही आहे ते उताराला लावायचं. अर्धगोल कानस घ्या, रेघेपासून बाहेरच्या बाजूला तिरकी चालवा, म्हणजे गादीला टेकायला काही उरणार नाही. नंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०. दर थोड्या वेळाने पुन्हा खडू. एका बैठकीत सगळं उरकायचा हट्ट नको, कारण काढलेलं परत येत नाही आणि हाताला नवा आकार कळायला एखादं सराव सत्र लागतं.

रेघेवरची कड पूर्ण गोल करू नका, हे विसरू नका. तिथे बोटाला जाणवेल इतकी हलकी कड ठेवा. हात कुठे थांबायचा हे हाताला तिथे कळतं. बाजारातल्या महागड्या ग्रिपांकडे नीट पाहिलंत तर त्या गोंडस गोल नसतात, उलट सपाट आणि कोनदार असतात. तो सपाटपणा मुद्दाम ठेवलेला असतो: सपाट पृष्ठावर हात तिरका पडला की लगेच टोचतो, गोल पृष्ठावर तो निमूटपणे घसरतो.

बेचक्याच्या तळाला शक्यतो हात लावू नका. तिथे दोन मिलिमीटर भर घातली की रायझर तुमच्यापासून दोन मिलिमीटर लांब जातो, बाण तेवढाच जास्त ओढला जातो आणि क्लिकर (बाण पुरेसा ओढला की ‘टक्’ करणारी पट्टी) लवकर पडायला लागतो. तिथून काढलं तर उलट, क्लिकर ओढता ओढता दम निघतो. मुलं अशा वेळी रिलीज बिघडली म्हणून रडकुंडीला येतात, आणि कारण ग्रिपमध्ये असतं.

भर घालायचीच असेल तर

हात मोठा आहे, अंगठ्याचा उंचवटा अधांतरी राहतो, किंवा मनगटाची उंची बदलायची आहे, अशा वेळी भर लागते. तीही पातळ.

जुना रंग आणि तेलकटपणा काढा. प्लॅस्टिक ८० नंबरने खरवडा आणि स्पिरिटने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं आणि काही प्लॅस्टिकं त्याने विरघळतात, तेव्हा ते वापरू नका. खरवडलेल्या जागी बारीक ड्रिलने दोन-तीन मिलिमीटर खोल, आरपार न जाणारी, चार-सहा भोकं पाडा. पुट्टी त्यांत शिरून धरून राहते. महिन्याभरात पुट्टीचा अख्खा तुकडा सुटून आला अशी तक्रार ज्यांची असते, त्यांनी बहुधा गुळगुळीत प्लॅस्टिकवरच लावलेलं असतं.

एम-सीलचे दोन्ही भाग समान घ्या आणि एकही पट्टा दिसेनासा होईपर्यंत मळा. नीट न मळलेलं कधीच कडक होत नाही, महिन्यानंतरही नखाने ओरखडा उठतो. हातमोजे घाला, ओलं इपॉक्सी वरचेवर लागलं की काहींच्या त्वचेला कायमची खाज जडते. दोन-तीन मिलिमीटरचा थर फक्त अंगठ्याच्या उंचवट्याच्या जागी द्या, वरून किचनमधली क्लिंग फिल्म ताणून लावा.

आता थांबा. मऊ पुट्टीवर फुल ड्रॉ केला तर सगळी बाजूला पिळून निघते आणि हाती काही राहत नाही. साधारण अर्ध्या तासात ती घट्ट व्हायला लागते, उन्हाळ्यात त्याआधीच. बोटाने जोरात दाबल्यावर ठसा उमटतो पण पुट्टी वाहत नाही, ही वेळ पकडायची. त्या वेळी स्लिंग लावून, बाण लावून, जवळच्या बट्रेससमोर फुल ड्रॉवर या, रोज जितका वेळ थांबता तितकंच थांबा आणि सावकाश परत या. बोटं सैल. दोन-तीन वेळा, त्याहून जास्त नाही. जवळ कुणीतरी उभं असलेलं बरं, कारण लक्ष हातावर असताना धनुष्य घसरू शकतं. लहान मुलांना हलके लिंब लावून द्या.

हा ठसा मुठीच्या ठशापेक्षा दिसायला अगदीच साधा असतो. एक उथळ, लांबट, तिरकस खळगी, बस. बघून मन खट्टू होतं, पण हवाय तो एवढाच. दिवसभर वाळू द्या, फिल्म काढा, खळगीच्या कडा उताराला लावा आणि आतला भाग जवळजवळ सपाट होईपर्यंत घासा. घासताना पाणी लावा आणि तोंडाला मास्क बांधा. ती धूळ छातीत जायला नको.

घाम आणि ऊन

रंगवलेली, चकचकीत ग्रिप पावसाळ्यात कोकणात वापरून बघा, हात साबण लावल्यागत सरकतो. त्यावर उपाय म्हणून बॅडमिंटनची स्पंजची पट्टी गुंडाळतात. मला ती मान्य नाही. स्पंज दाबाने बसतो, घामाने फुगतो आणि घासून आणलेली कड त्याखाली हरवते. पातळ सुती टेपचा एकच थर, किंवा मऊ चामड्याचा पातळ तुकडा चिकटवलेला चांगला. टेप मळली की बदला. जोड मात्र बोटांच्या बाजूला घ्या, दाबाच्या जागी नको.

विदर्भातल्या खेळाडूंसाठी वेगळी सूचना. हल्ली थ्रीडी प्रिंट केलेल्या ग्रिपा सहज मिळतात आणि त्यांतल्या बऱ्याच पीएलए या प्लॅस्टिकच्या असतात. पीएलए सुमारे ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात नागपुरात बंद गाडीत ठेवलेली किट बॅग तेवढी तापते. स्क्रूच्या जागी ती ग्रिप किंचित वाकते, नजरेला कळतही नाही, आणि बाण आडवे जायला लागतात. पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये छापून घ्या किंवा लाकडी घ्या. शिसवीची ग्रिप घडवायला वेळ खाते, पण उन्हाने वाकत नाही.

सगळं करूनही वर्षभरात परत तेच

मूल वाढतंय. तेरा-चौदाव्या वर्षी वर्षभरात हात चांगलाच मोठा होतो आणि मागच्या वर्षीची कड आयुष्यरेषेच्या भलत्याच बाजूला येते. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये (चाकं लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात) जगज्जेते झाले, आणि अदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. त्यानंतर मैदानावर लहान वयाची मुलं जास्त दिसतात, याचा आनंद मोठा आहे. पण अशा मुलांसाठी घट्ट मापाची ग्रिप करू नका. फक्त करंगळीकडचा भाग उताराला लावून द्या, भर घालू नका, आणि दर सहा महिन्यांनी खडूची परीक्षा घ्या.

जुना रायझर विकत घेतला असेल तर त्यावरची ग्रिप आधीच्या मालकाच्या हाताची असते. ती दिसायला कितीही देखणी असो, कंपनीची साधी ग्रिप शोधून तिथून सुरुवात करा. दुसऱ्याच्या हाताच्या खळगीत आपला हात बसवताना मनगट वाकडं होतं आणि पुढे अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर घासत बसू नका, धनुष्य ठेवून डॉक्टरांना दाखवा.

बेअरबो (साईट नसलेलं धनुष्य) खेळणाऱ्यांनी रुंदीचं भान ठेवावं. दोरी उतरवलेलं धनुष्य १२.२ सेंटिमीटरच्या कड्यातून पार व्हावं लागतं, हा नियम आहे.

ग्रिप बदलली की बाकीची जुळणी तशीच राहील असं गृहीत धरू नका. मनगट खाली गेलं तर दाबाचा बिंदू खाली सरकतो, बाण वर लागतात आणि बेअर शाफ्ट (पिसं नसलेला बाण) नॉकिंग पॉइंटबद्दल (दोरीवर बाण अडकवायच्या जागेबद्दल) वेगळंच सांगायला लागतो. म्हणून आधी क्लिकरची जागा, मग टिलर (वरच्या आणि खालच्या लिंबाच्या दोरीपासूनच्या अंतरांतला फरक), मग नॉकिंग पॉइंट, आणि साईट सगळ्यात शेवटी. दोन-तीन सत्रं ३० मीटरवर मारा, नव्या ग्रिपचे टार्गेटचे फोटो जुन्या फोटोंशेजारी ठेवा आणि फक्त आडवी रुंदी मोजा. ती कमी झाली नसेल तर पुन्हा खडू लावा, पुट्टीचं पाकीट उघडू नका.